जपानी भूमिका-खेळ : घ्यावे कीं न घ्यावे ?

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे वडील मंडळी तीन प्रश्न विचारतात. किंमत किती ? टिकेल किती ? आणि उपयोग काय ? भांडीं, कपाट, शिवणयंत्र यांच्या बाबतींत या प्रश्नांचीं उत्तरें देणें सोपें असतें. पुस्तकांच्या बाबतींत तें जरा कठीण होतें. आणि सुशिक्षित घरांतून अलीकडे जी एक मागणी वरचेवर ऐकूं येते, तिच्या बाबतींत तर हीं उत्तरें देतां देतां घरांत दोन पक्ष पडतात. शाळेंत जाणारी मुलगी, कॉलेजांतला मुलगा, आणि कित्येक घरीं तर नोकरींत मुरलेला पस्तिशीचा कर्ता पुरुषच म्हणतो कीं, अमुक एक जपानी खेळ घ्यावयाचा आहे. किंमत चार-पांच हजार रुपये. आणि तो पुरा करण्यास शंभर तास लागतात. हें शेवटचें वाक्य तो खेळाची थोरवी म्हणून सांगतो. ऐकणाराला मात्र तें त्या खेळावरचें आरोपपत्र वाटतें.

या प्रश्नाचा निकाल बहुतेक घरांत दोनच रीतींनीं लागतो. एक तर हट्टापुढें मान तुकवून पैसे दिले जातात, किंवा 'व्हिडिओ गेम म्हणजे डोळ्यांचा आणि डोक्याचा नाश' एवढ्या एका वाक्यावर प्रकरण मिटविलें जातें. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान असते. ती ही कीं, ज्या वस्तूविषयीं निर्णय झाला ती वस्तु काय आहे हें निर्णय देणारानें पाहिलेलें नसतें. न्यायाची पहिली पायरी म्हणजे आरोपीची ओळख पटविणें. म्हणून प्रथम ती ओळख करून घेतली पाहिजे.

व्हिडिओ गेम म्हटला कीं मोटारींच्या शर्यती आणि बंदुकांचा धडाका डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्यांना इंग्रजींत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात ते खेळ या जातीचे नव्हेत. नांवाचा अर्थच असा कीं, खेळणारानें एक भूमिका घ्यावयाची. पडद्यावर एक गांव असतें. गांवांत माणसें असतात. त्यांच्याशीं बोलावें लागतें, त्यांची सुखदुःखें ऐकावीं लागतात. वेशीबाहेर रान असतें, रानांत राक्षस असतात. लढाई होते ती बहुधा बुद्धिबळासारखी आळीपाळीनें; आपली चाल, मग शत्रूची चाल. बोटांच्या चपळाईपेक्षां येथें विचाराला महत्त्व अधिक. प्रत्येक विजयाबरोबर नायकाच्या नांवावर अनुभवाचे गुण जमा होतात, आणि ठराविक गुण झाले कीं तो एक इयत्ता वर चढतो. अशा रीतीनें गांवामागून गांव, प्रसंगामागून प्रसंग, एक लांबलचक कथा उलगडत जाते. थोडक्यांत सांगावयाचें तर ही वाचकाला आंत घेऊन चालणारी कादंबरी आहे.

या प्रकाराचें बीज जपानांतील नव्हे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल आणि फांसे एवढीच त्याची सामग्री. त्याचें अनुकरण संगणकावर होऊं लागलें, आणि १९८१ सालीं 'अल्टिमा' व 'विझर्ड्री' हे दोन खेळ अमेरिकेंत निघाले. ते होते विद्वानांचे खेळ. नकाशे काढावे लागत, जाडजूड पुस्तिका वाचाव्या लागत. युजी होरी नांवाच्या एका जपानी गृहस्थाला हे दोन्ही खेळ फार आवडत. ते नियतकालिकांतून लेखन करीत असत. त्यांनीं एकाची वरून दिसणाऱ्या नकाशाची रीत घेतली, दुसऱ्याची लढाईची रीत घेतली, आणि त्यांतून शाळकरी मुलालाहि कळेल असा 'ड्रॅगन क्वेस्ट' नांवाचा खेळ २७ मे १९८६ रोजीं एनिक्स कंपनीमार्फत प्रसिद्ध केला. चित्रें अकिरा तोरियामा यांचीं. 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेमुळें त्यांचें नांव पुढें आपल्याकडील मुलांच्याहि तोंडीं झालें. २०२४ सालीं ते निवर्तले. संगीत कोइची सुगियामा यांचें. यांचें वय त्या वेळीं पंचावन्न वर्षांचें. जाहिरातींना व दूरचित्रवाणीला संगीत देणाऱ्या या प्रौढ गृहस्थांनीं शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, याच्या एका संगणकीय खेळाविषयीं कंपनीकडे अभिप्रायाचें कार्ड धाडलें होतें. तेवढ्यावरून ओळख होऊन हें काम त्यांच्याकडे आलें. ज्या यंत्रावर एका वेळीं जेमतेम तीन स्वर वाजत त्यावर त्यांनीं दरबारी थाटाचें संगीत बसविलें. २३ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिक समारंभांत देशोदेशींचे खेळाडू मैदानांत आले ते प्रथम याच खेळाच्या सुरावटीवर.

सगळा 'ड्रॅगन क्वेस्ट' ६४ किलोबाइटांत मावला होता. आज मोबाईलवर काढलेलें एक साधें छायाचित्रहि त्याच्या कितीतरी पट जागा घेतें. तरी त्याची रचना एखाद्या निष्णात अध्यापकाच्या पाठासारखी आहे. आरंभीं नायक राजाच्या दालनांत उभा असतो आणि दार बंद असतें. पेट्या उघडणें, किल्ली घेणें, पहारेकऱ्याशीं बोलणें, दार उघडणें, जिना उतरणें हें सर्व त्या एका दालनांत केल्यावांचून बाहेर पडतांच येत नाहीं. बाहेर पडेपर्यंत खेळाचे नियम मुलाच्या हातांत बसलेले असतात, आणि आपल्याला कोणीं कांहीं शिकविलें असें त्याला वाटतहि नाहीं. राजवाड्याबाहेर पाऊल टाकलें कीं समोर पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. तो इतका जवळ असतो कीं हात लांबवावा. परंतु मध्यें पाणी असतें, आणि तेथें पोचण्यासाठीं सगळें राज्य पालथें घालावें लागतें. शेवटीं शत्रु समोर येतो तेव्हां तो प्रथम लढत नाहीं. अर्धें जग देऊं करतो. ज्यानें तें स्वीकारलें त्याचा खेळ तेथेंच बुडाला.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या वेळच्या यंत्रांत खेळ अर्ध्यावर जपून ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून राजाकडे गेलें कीं तो वीस अक्षरांचा एक मंत्र देई. मुलानें तो वहींत उतरून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा भरावयाचा. दुसऱ्या भागांत हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. एका अक्षराची चूक झाली कीं कित्येक दिवसांची मेहनत पाण्यांत. जपानांतील एका पिढीला शुद्धलेखनाचें आणि सुवाच्य अक्षराचें महत्त्व पटविण्याचें काम अशा रीतीनें नकळत एका खेळानें केलें. तिसऱ्या भागांत विजेरीची सोय आली आणि मंत्र संपला.

हा तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजीं निघाला. तो बुधवार होता. दुकानांपुढें लांबच लांब रांगा लागल्या, आणि शाळा बुडवून रांगेंत उभ्या राहिलेल्या शेकडों मुलांना पोलिसांनीं पकडून समज दिली. 'या खेळाची विक्री सुट्टीच्या दिवशींच व्हावी असा जपान सरकारनें कायदा केला' ही गोष्ट तेव्हांपासून सांगितली जाते. ती खरी नाहीं. असा कायदा कधींच झाला नाहीं. परंतु पुढचा भाग १९९० सालीं निघाला तो रविवारीं. कायद्याची वाट न पाहतां जनलज्जेनें केलेली ही सुधारणा होती. मुलें शाळा बुडवितात हा आक्षेप आज आपल्याकडे घेतला जातो तोच तिकडे तीन तपांपूर्वीं घेतला गेला होता, हें यावरून दिसतें. आणि आक्षेप खोटा नव्हता हेंहि दिसतें.

आतां मुख्य प्रश्न. या खेळांपासून मनुष्याला मिळतें काय ? याचें उत्तर तत्त्वचर्चेनें देण्यापेक्षां तीन उदाहरणांनीं देणें बरें.

पहिलें उदाहरण १९९५ सालच्या 'क्रोनो ट्रिगर' या खेळाचें. आरंभीं नायक एका जत्रेंत हिंडत असतो. एका टेबलावर कोणाची तरी शिदोरी ठेवलेली असते. ती खाल्ली कीं नायकाची शक्ति भरून येते. म्हणून खेळणारा विचार न करतां ती खाऊन टाकतो. एका मुलीला धक्का लागून तिचें पदक पडतें. कोणी आधीं मुलीची विचारपूस करतो, कोणी आधीं पदक उचलतो. एक लहान पोर हरवलेल्या मांजरासाठीं रडत असते. कोणी तें शोधून देतो, कोणी देत नाहीं. या सर्व क्षुल्लक गोष्टी खेळणारा विसरून जातो. पुढें नायकावर राजकन्येला पळविल्याचा खोटा आरोप येतो आणि कोर्टांत खटला उभा राहतो. तेथें साक्षीदार येऊं लागतात. कोणाची शिदोरी गेली तो म्हातारा येतो. मांजर परत मिळालें तें पोर येतें. पदक आधीं उचललें कीं मुलगी आधीं पाहिली, हेंहि विचारलें जातें. ज्यूरी त्यावरून मत देते. विशेष हें कीं, निकाल कांहींहि लागो, तुरुंग टळत नाहीं. चांगुलपणाचें बक्षीस लगेच मिळतें असा भाबडा बोध येथें नाहीं. परंतु 'कोणी पाहत नाहीं' असें समजून केलेलें कृत्य कोठें तरी नोंदलें जातें, ही जाणीव मुलाच्या अंगावर कांटा आणते. नीतिपाठाच्या पुस्तकांत हा धडा असता तर तें पान त्यानें उलटलें असतें. येथें शिदोरी त्यानें स्वतः खाल्लेली असते.

दुसरें उदाहरण १९९७ सालच्या 'फायनल फँटसी' मालिकेंतील सातव्या खेळाचें. ही मालिका हिरोनोबु साकागुची यांनीं स्क्वेअर कंपनींत १९८७ सालीं सुरू केली. तिसऱ्या भागाचें काम चालूं असतां त्यांच्या मातोश्रींचें निधन झालें. मृत्यु म्हणजे काय हा विचार तेव्हांपासून त्यांच्या कथांत शिरला. सातव्या भागांत नायकाच्या सोबत्यांत एक फुलें विकणारी तरुणी आहे. वीसएक तासांच्या प्रवासांत खेळणारानें तिला शस्त्रें दिलेलीं असतात, तिची विद्या वाढविलेली असते. आणि कथेच्या मध्यावर ती मारली जाते. या खेळांत लढाईंत पडलेला सोबती एका औषधानें पुन्हां उभा राहतो; तें औषध खेळणाराच्या झोळींत त्या क्षणींहि असतें. पण तें चालत नाहीं. कित्येक वर्षें जगभरचीं मुलें तिला जिवंत करण्याचा गुप्त उपाय शोधीत राहिलीं. तो उपाय नव्हताच. जवळचें माणूस गेल्यावर घरांत औषधांच्या बाटल्या तशाच राहतात, हा अनुभव ज्याला आलेला आहे त्याला या प्रसंगाचें मोल सांगावयास नको.

तिसरें उदाहरण १९९२ सालच्या पांचव्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चें. आणि वडीलधाऱ्या श्रोत्यांनीं हें अधिक लक्ष देऊन ऐकावें. कथेच्या आरंभीं नायक लहान मुलगा आहे. वडिलांचें बोट धरून तो गांवोगांव फिरतो. वडील पराक्रमी आहेत, परंतु शत्रु मुलाच्या गळ्याला शस्त्र लावतो, म्हणून ते हात उगारीत नाहींत आणि मुलाच्या डोळ्यांदेखत प्राण देतात. मुलगा दहा वर्षें गुलामगिरींत काढतो. सुटतो, लग्न करतो. बालमैत्रीण कीं श्रीमंताची कन्या, हें खेळणारानें ठरवावयाचें असतें. जुळीं मुलें होतात. आणि मुलें पाळण्यांत असतांनाच शापानें त्याचा दगडी पुतळा होतो. एक श्रीमंत गृहस्थ तो पुतळा लिलांवांत विकत घेऊन आपल्या बागेंत उभा करतो. त्या घरचें मूल रांगतें, चालूं लागतें. ऋतूमागून ऋतु जातात. पुतळा पाहत असतो, पण हलूं शकत नाहीं. आठ वर्षांनीं नायकाचीं स्वतःचीं मुलें त्याला शोधीत येतात आणि शापमुक्त करतात. तीं आठ वर्षांचीं झालेलीं असतात. बापानें त्यांचें बोबडें बोलणें ऐकलेलें नसतें. पुढें कळतें कीं, ज्या तेजस्वी वीरासाठीं बाप जन्मभर वणवण हिंडला तो वीर म्हणजे त्याचा तो लहान मुलगाच. नायक आपण नसून आपलें मूल आहे, आणि आपलें काम त्याला वाट करून देण्याचें आहे, हें सत्य एका खेळानें सांगावें हें थोडें नव्हे.

इतकें ऐकून कोणीहि म्हणेल कीं, मग खेळ घ्यावा, शंका कसली ? परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल.

पहिली गोष्ट वेळेची. शंभर तासांचा खेळ म्हणजे रोज अर्धा तास धरला तर दोनशें दिवस, म्हणजे साडेसहा महिने. विकणारे आणि विकत घेणारे एक हिशेब नेहमीं मांडतात. साडेचार हजार रुपये भागिले शंभर तास, तासाला पंचेचाळीस रुपये, सिनेमापेक्षां स्वस्त. हा हिशेब गणितानें बरोबर आणि व्यवहारानें चूक आहे. तास ही दुकानदारानें दिलेली वस्तु नव्हे. ती गिऱ्हाइकानें दिलेली वस्तु आहे. पैसे एकदांच जातात, तास शंभर वेळां जातात. कंटाळवाणा खेळ शंभर तासांचा असेल तर तो वीस तासांच्या कंटाळवाण्या खेळापेक्षां पांचपट महाग समजला पाहिजे.

दुसरी गोष्ट, त्या तासांत सगळेच कथेचे नसतात. वर ज्या इयत्तांचा उल्लेख झाला त्या चढण्यासाठीं तेच राक्षस, त्याच रानांत, पुन्हां पुन्हां मारावे लागतात. इंग्रजी खेळाडू याला दळणें या अर्थाचा शब्द वापरतात. आणि मराठींत आपणहि कंटाळवाण्या पुनरुक्तीला 'तेंच दळण' म्हणतों, हा योगायोग मोठा बोलका आहे. जुन्या खेळांत हें दळण फार; दहा पावलें चालावें कीं लढाई. त्याला चिकाटीचें शिक्षण म्हणून गौरविणारे आहेत. थोड्या प्रमाणांत तें खरेंहि असेल. परंतु ज्या घरांत खरें दळण पडलेलें आहे, म्हणजे अभ्यास, स्वैपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, तेथें पडद्यावरची चिकाटी पुरस्कारास पात्र ठरत नाहीं.

तिसरी गोष्ट मजकुराची. पडदा रंगीत आणि पात्रें बाहुल्यांसारखीं म्हणून खेळ लहान मुलांचा, असें समजूं नये. २०१६ सालच्या 'पर्सोना'च्या पांचव्या भागाचेंच पाहा. टोकियोंतील एका विद्यार्थ्याचें एक वर्ष त्यांत तारीखवार जगावें लागतें. सायंकाळीं अभ्यास करावा, नोकरी करावी, कीं मित्राचें दुःख ऐकावें, यांतून एकच निवडतां येतें, आणि गेलेली सायंकाळ परत येत नाहीं. कल्पना फार उत्तम. परंतु कथेंत शिक्षकाकडून विद्यार्थिनीचा छळ आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे. अमेरिकेंत या खेळावर सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठीं अशी खूण आहे. उलट 'पोकेमॉन'चे खेळ सर्व वयांसाठीं आहेत. वेष्टनावरील ही वयाची खूण वाचणें हें पालकांचें पहिलें कर्तव्य होय. यांशिवाय स्त्रीपात्रांचा पेहराव कित्येक खेळांत असा असतो कीं, घरांतील बायकांपुढें पडदा लावावयास संकोच वाटावा. देवदेवतांचाहि असाच सढळ वापर आढळतो. 'फायनल फँटसी'त १९९० पासून 'शिवा' नांवाची एक देवता आहे. ती स्त्री आहे आणि बर्फाचा मारा करते. 'मेगामी टेन्सेई' मालिकेंत तर विष्णु, काली, गणेश हे जगांतील इतर दैवतांच्या आणि भुतांच्या पंक्तींत बसलेले आहेत, आणि २०१६ सालच्या एका भागांत कृष्ण प्रतिपक्षांत आहे. यांत द्वेषाचा भाग दिसत नाहीं; दूरच्या देशांतील नांवें दंतकथा म्हणून उचललेलीं आहेत. तरी ज्या घरीं हें रुचणार नाहीं त्यांनीं आधीं चौकशी केलेली बरी.

चौथी गोष्ट भाषेची. यांपैकीं कोणताहि मोठा खेळ मराठींत अवतरलेला नाहीं. जपानींतून इंग्रजी, तें वाचावयाचें. इंग्रजी बेताचें असलेल्या मुलाला कथा कळणार नाहीं, आणि कथा कळली नाहीं कीं उरतें फक्त दळण. उलट ज्याला इंग्रजी थोडें येतें आणि वाढवावयाचें आहे, त्याच्यापुढें हजारों वाक्यें येतात, आणि अर्थ लागल्यावांचून पुढचें पाऊल पडत नाहीं. कोश शेजारीं ठेवून खेळणाराला हा मोठाच लाभ आहे.

या सर्वांवरून घरच्या उपयोगाचे कांहीं नियम सांगतां येतील.

पहिला नियम असा कीं, मोठ्या खेळानें आरंभ करूं नये. 'क्रोनो ट्रिगर' वीस-पंचवीस तासांत पुरा होतो, रानांतले राक्षस बहुधा दिसतात म्हणून दळण कमी, आणि तो संगणकावर व मोबाईलवर नव्या भव्य खेळांपेक्षां पुष्कळच स्वस्त मिळतो. तो ज्याला अर्ध्यावर सोडावासा वाटला त्याला हा प्रकारच मानवणारा नाहीं, हें थोड्या पैशांत कळतें.

दुसरा नियम, चाखून घ्यावा. संगणकावर खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या दुकानाचा नियम आहे कीं, चौदा दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळलें असेल तर पैसे परत मिळतात. इतर खेळांना हा नियम पुरतो. या खेळांना पुरत नाहीं, कारण दोन तासांत बहुधा नायकाचें गांवहि संपलेलें नसतें. म्हणून नमुना मिळतो तेथें तो घ्यावा. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'चा तीन तासांचा आणि अकराव्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या नव्या आवृत्तीचा सुमारें दहा तासांचा नमुना विनामूल्य निघाला, आणि तेथपर्यंतची प्रगति पुढें विकतच्या खेळांत चालूं शकते. दहा तास खेळून ज्याचें मन धरलें नाहीं त्यानें पैसे वाचल्याचा आनंद मानावा.

तिसरा नियम, थांबावें. या धंद्यांत तीच वस्तु वाढवून पुन्हां विकण्याची चाल आहे. पांचवा 'पर्सोना' २०१६ सालीं निघाला आणि नव्या प्रकरणांसह २०१९ सालीं पुन्हां निघाला. आधीं घेणाराला नवीं प्रकरणें हवीं तर दुसऱ्यांदा पैसे भरावे लागले. अकराव्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चेंहि २०१७ व २०१९ सालीं असेंच झालें. सातव्या 'फायनल फँटसी'ची जी नवी आवृत्ति चालली आहे तिचे २०२० आणि २०२४ सालीं निघालेले दोन भाग निरनिराळे विकले गेले. जी कथा पूर्वीं एका डबींत मिळत होती तिला आतां अनेक डब्या लागतात. कथा शिळी होत नाहीं. दोन वर्षें थांबणारा गिऱ्हाईक अधिक पूर्ण वस्तु कमी दरांत घेतो.

चौथा नियम, शक्य तेथें तबकडी घ्यावी. तबकडी मित्राला देतां येते, जुन्या बाजारांत विकतां येते. तारेवरून उतरविलेला खेळ फक्त घेणाराच्याच खात्यावर राहतो.

पांचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. फुकट मिळणाऱ्या खेळांपासून अधिक सावध राहावें. कांहीं जपानी खेळ मोबाईलवर विनामूल्य असतात, आणि आंत सोडतीप्रमाणें पात्रें विकतात. जपानी मुलें नाणें टाकून यंत्रांतून खेळण्याची डबी काढतात, त्या यंत्राच्या नांवावरून याला 'गाचा' म्हणतात. कोणतें पात्र निघेल हें नशिबावर असतें. अशा सोडतींतून ठराविक संच जमविल्यास बक्षीस देण्याचा जो प्रकार होता तो तेथील कायद्यांत बसत नाहीं, असें जपानच्या ग्राहक खात्यानें २०१२ सालीं जाहीर केलें; परंतु साधी सोडत चालूंच राहिली. चार हजारांचा खेळ चार हजारांतच संपतो. फुकटाच्या खेळाची किंमत कोणालाहि आगाऊ सांगतां येत नाहीं.

शेवटीं, विकत घेतलेला खेळ घरांत कसा वागतो, हें घरानेंच ठरवावयाचें आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वीं आपल्याकडे कादंबरीविषयींहि हेंच वाद झाले. कादंबऱ्यांनीं मुली बिघडतील, मुलें परीक्षेंत नापास होतील, असें म्हणणारीं भलीं माणसें होतीं. कांहीं मुलें नापास झालींहि. तरी कादंबरी घरांत राहिली, कारण ती वडीलहि वाचूं लागले, आणि जेवतांना तिच्यावर बोलणें होऊं लागलें. जें पुस्तक घरांत एकटाच वाचतो तें व्यसन होऊं शकतें. ज्यावर दोघे बोलतात तें वाङ्मय होतें. हाच न्याय या खेळांना लावण्यास हरकत नाहीं. आठवड्यांतून एक तास बापानें किंवा आईनें मुलाशेजारीं बसावें, कथा कोठवर आली तें विचारावें, शिदोरी कोणाची खाल्ली याची चौकशी करावी. आजचीं यंत्रें हवें तेथें थांबवितां येतात. जेवणाची हांक आल्यावर 'लढाई चालूं आहे' ही सबब आतां चालत नाहीं.

आणि जो कर्ता पुरुष दिवसाचें काम आटोपून रात्रीं स्वतःसाठीं हा खेळ घेऊं इच्छितो, त्यानेंहि तो जरूर घ्यावा. श्रमलेल्या मनुष्याला गोष्टीचा हक्क आहे. मात्र त्यानें बागेंतला तो पुतळा स्मरणांत ठेवावा. शेजारच्या खोलींत मूल चालावयास शिकत असतांना ज्याची नजर पडद्यावरून हलत नाहीं, त्याला दगड होण्यासाठीं निराळ्या शापाची जरूर नाहीं. खेळांतल्या बापाला आठ वर्षांनीं मुलें शोधून काढतात. घरांतल्या बापानें तितकी वाट पाहूं नये.

तेव्हां, घ्यावे कीं न घ्यावे ? ज्या घरीं वाचनाची गोडी आहे, वेळेला शिस्त आहे आणि वस्तूविषयीं चार शब्द बोलण्याची रीत आहे, त्या घरीं वर्षाकाठीं असा एखादा खेळ निवडून घ्यावा. तो चांगल्या ग्रंथाइतकाच स्मरणांत राहील. ज्या घरीं यांपैकीं कांहीं नाहीं, त्या घरीं आधीं तें आणावें. तें बाजारांत मिळत नाहीं, पण त्याला पैसेहि पडत नाहींत.